एक दागिना काढून ठेवा, म्हणे

घराबाहेर पडण्याआधी एकदा आरशात बघा आणि अंगावरची एक वस्तू काढून ठेवा. हा सल्ला तुम्ही ऐकला नसेल तर तुमचा फोन माझ्या फोनपेक्षा सभ्य आहे. माझ्या फोनवर तो आठवड्यातून दोनदा तरी येतो. सांगणारी मुलगी छान असते, मागे पांढरी भिंत असते, कोपऱ्यात मनीप्लांट असतो आणि बोलण्याला वजन यावं म्हणून कोको शनेलचं नाव घेतलेलं असतं. या सल्ल्याचे भाऊबंदही आहेत. कानात मोठं घातलं तर गळा मोकळा ठेवा. सोनं आणि चांदी एकत्र घालू नका. एका आउटफिटवर एकच 'स्टेटमेंट पीस'. आवाज करणारं काही नको. या सगळ्याला मिळून 'ॲक्सेसरीज बॅलन्स करणं' म्हणतात.

मला या सल्ल्याचा राग येतो. दागिन्यांबद्दलच्या सल्ल्याचा एवढा राग यावा का, असं मलाही कधीकधी वाटतं. पण येतो. आणि का येतो हे सांगायचं तर मेडशीपासून सुरुवात करावी लागेल.

अकोल्याहून वाशिमला निघालात, पातूर सोडून घाट ओलांडला की मेडशी लागतं. तालुका मालेगाव, नाशिककडचं मालेगाव नव्हे, हे आम्हाला जन्मभर सांगत बसावं लागतं. माझे बाबा कासार. गावात बांगड्यांचं छोटं दुकान, आणि आजूबाजूच्या गावांचे आठवडी बाजार. शाळेला सुट्टी असली की मीही बाजारात, डब्यांच्या मागे बसलेली.

लोकांना वाटतं बांगड्या विकणं म्हणजे रंग दाखवायचे आणि पैसे घ्यायचे. बाबा रंगाकडे शेवटी वळायचे. आधी हात. बाईचा हात हातात घेऊन अंगठ्याखालचा उंचवटा दाबून बघायचा आणि न मोजता माप सांगायचं: दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. डब्यावर ते २.४, २.६ असं छापलेलं असतं, आणि मी इंजिनिअरिंगला जाईपर्यंत त्याला दशांश समजत होते. ते दशांश नाहीत. २.४ म्हणजे दोन इंच आणि इंचाच्या सोळा भागांतले चार, म्हणजे सव्वादोन इंच. २.८ म्हणजे अडीच इंच. टिंब दहाचं आणि हिशेब सोळाचा! माझ्या टीममधल्या कोणी असा डेटा लिहिला असता तर मी त्याचा कोड परत पाठवला असता. पण फिरोजाबादच्या कारखान्यापासून मेडशीच्या बाजारापर्यंत हा हिशेब बिनचूक चालतो, कारण तो वापरणाऱ्या प्रत्येकाला त्याचा अर्थ ठाऊक आहे.

हात बघून झाला की बाबांचा पुढचा प्रश्न ठरलेला. "वावरात जा लागते का रोज?" हो म्हटलं की जाड काचेच्या, कमी बांगड्या, आणि दोन्ही बाजूंना एकेक धातूचं कडं. कड्यामुळे काचेला धक्का कमी लागतो. आमच्याकडे कापूस वेचायला जाणाऱ्या बाईच्या अंगावर साडी, साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला रुमाल असतो. त्या शर्टाच्या बाहीत डझनभर बांगड्या मावत नाहीत, म्हणून चार. लग्नाच्या मुलीचं गणित वेगळं. हिरवा चुडा, त्यात सोन्याच्या पाटल्या, तोडे; कुठलं मागे आणि कुठलं पुढे यावर आत्या आणि मावशीचं भांडण. बांगड्या भरून झाल्या की बाई बाबांना नमस्कार करायची, वयाने मोठी असली तरी.

तांड्यावरच्या बंजारा आज्या यायच्या तेव्हा मी डब्यांच्या मागून उठून पुढे यायचे. दंडापासून मनगटापर्यंत चुडो, गळ्यात हासली, नाकात भुरिया, कानांजवळ केसांत अडकवलेल्या घुगरी आणि टोपली, आणि आरसे-कवड्या लावलेली काचळी. चालल्या की आधी आवाज यायचा, मग त्या दिसायच्या. त्यांच्या स्वतःच्या हातावर बाबांना काही विकायला जागाच नसायची. त्या नातींसाठी घ्यायच्या.

त्या सगळ्या वर्षांत मी बाजारात "भाऊ, हे कमी वाटून राह्यलं" हे वाक्य शेकडो वेळा ऐकलं. "एक काढून ठेवू का" हे एकदाही नाही.

आता कोणी म्हणेल, म्हणजे जेवढं असेल तेवढं अंगावर चढवायचं, हाच तुमचा बॅलन्स. मुळीच नाही. त्या बाया फार बारकाईने निवडायच्या. फक्त त्यांची रीत वजाबाकीची नव्हती, जागेची होती. आपल्याकडच्या गळ्यातल्या दागिन्यांकडे बघा. ठुशी गळ्याला चिकटून. त्याखाली मंगळसूत्र. त्याखाली मोहनमाळ नाहीतर लक्ष्मीहार. प्रत्येकाची उंची ठरलेली आहे, म्हणून तीन घातले तरी एकमेकांत गुंतत नाहीत आणि एकाने दुसरा झाकला जात नाही. याला हल्ली 'लेअरिंग' म्हणतात आणि ते शिकवायचे पैसे घेतात. नथ घ्या. ती डाव्या नाकपुडीत, एकाच बाजूला. चेहऱ्याचा एक भाग भरलेला, एक रिकामा. दोन्ही बाजू समान व्हाव्यात म्हणून उजवीकडे दुसरी नथ अडकवलेली नवरी मी तरी आमच्याकडे पाहिलेली नाही. समतोल म्हणजे दोन्ही पारडी सारखी असणं, हे ज्याने ठरवलं त्याने नथ घातलेली बाई नीट बघितलीच नसणार.

आणि दोन धातू एकत्र न घालण्याचा तो नियम! सोनं म्हणजे लक्ष्मी, ते पायात घालत नाहीत. म्हणून जोडवी आणि पैंजण चांदीचे, वर सोनं. रीलवाल्या मुलीचं ऐकायचं तर महाराष्ट्रातल्या बहुतेक लग्न झालेल्या बायांना एक तर मंगळसूत्र काढावं लागेल, नाहीतर जोडवी. हा नियम करताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोण होतं? माझी आई नव्हती, एवढं नक्की.

बरं, ज्या शनेलच्या नावावर हा धंदा चालतो तिचे फोटो कोणी शोधून बघतं का? गळ्यात मोत्यांचे सर एकावर एक, त्यात खरे मोती आणि खोटे मोती बिनदिक्कत मिसळलेले. मनगटांवर व्हर्दुराने घडवलेली माल्टीज क्रॉसची रुंद कडी. डोक्यावर हॅट. यातलं एक काढून ठेवून ती बाहेर पडली असेल, तर ते काढण्याआधीचा तिचा अवतार मला बघायचा आहे. न्यूयॉर्कच्या आयरिस ॲप्फेल तर त्याहून पुढच्या. भलामोठा गोल चष्मा, दोन्ही हातांत कोपरापर्यंत कडी, गळ्यात एकावर एक जाड माळा. २००५ मध्ये तिथल्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने त्यांचे कपडे आणि दागिने प्रदर्शनात मांडले, आणि २०२४ मध्ये वयाच्या १०२व्या वर्षी त्या गेल्या तेव्हा माझी सगळी टाइमलाइन त्यांच्या फोटोंनी भरून गेली होती. मला त्या मनापासून आवडतात. पण त्यांच्या कोपरापर्यंतच्या कड्यांकडे बघून ज्यांनी हार्ट टाकले, त्यांतल्या किती जणांनी वाशिमच्या एसटीत शेजारी बसलेल्या चुडोवाल्या आजीकडे तसं बघितलं असेल? तिथे तो 'लूक' असतो. इथे तो अवतार असतो.

हे नुसतं आवडीनिवडीचं प्रकरण नाही. त्याला जुनं मूळ आहे. ॲडॉल्फ लूस हा व्हिएन्नात काम करणारा वास्तुविशारद. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने एक निबंध लिहिला, नाव 'अलंकार आणि गुन्हा'. त्याचं म्हणणं असं की संस्कृती जसजशी पुढे जाते तसतसा अलंकार गळून पडतो. पापुआचा माणूस अंग गोंदवून घेतो तर तो त्याच्या जागी ठीक. आधुनिक माणूस गोंदवून घेत असेल तर तो एक तर गुन्हेगार, नाहीतर बिघडलेला. साधं, गुळगुळीत, काही न लावलेलं ते पुढारलेलं. भरलेलं ते मागासलेलं. आपल्या फोनवरच्या मनीप्लांटवाल्या मुलीने लूस वाचलेला नाही, हे मी पैजेवर सांगते. पण ती बोलते ते त्याचंच.

आणि अलंकार व गुन्हा ही जोडी आमच्याकडे निबंधापुरती नव्हती. १८७१ मध्ये इंग्रजांनी कायदा करून कितीतरी जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. बंजाऱ्यांच्या काही गटांनाही वेगवेगळ्या प्रांतांत हा कायदा लागला. तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. ज्यांचा पेहराव कोसभरावरून ओळखू येतो त्यांना अशा राज्यात काय सोसावं लागलं असेल हे समजायला इतिहासाची पदवी लागत नाही. तांड्यावरच्या कितीतरी घरांत आजी हासलीत, आई पाचवारी साडीत आणि नात जीन्समध्ये, असा तीन पिढ्यांचा प्रवास झाला. त्यात सोय होती, शिक्षण होतं, आणि लोकांच्या नजराही होत्या. आता आमच्याच जिल्ह्यात, पोहरादेवीला, नंगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय उभं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान येऊन उद्घाटन करून गेले. चांगलंच झालं. पण वारसा म्हणून ज्याचं कौतुक करायचं, तेच अंगावर घालून इंटरव्ह्यूला गेलेल्या पोरीला दारातच 'थोडं कमी करा' म्हणायचं, हे एकाच वेळी कसं चालतं?

इंटरव्ह्यूवरून माझंच सांगते.

माझ्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी आईच्या दोन पाटल्या गहाण पडल्या. बाबांना वाटलं होतं दिवाळीच्या हंगामात सोडवू. त्या दिवाळीला नाही जमलं, पुढच्याही नाही. व्याज वाढत गेलं आणि मी तिसऱ्या वर्षाला असताना पाटल्या विकून हिशेब मिटवला. आईने त्यांच्या जागी एक ग्रॅमची कडी घातली. तिने तक्रार केली नाही. फक्त एकदा म्हणाली, "कडं हलकं हाय. काच नुसती आदळते एकमेकीवर." कासाराची बायको. तिला खटकला तो दागिन्याच्या रचनेतला दोष.

शेवटच्या वर्षी कॉलेजात कॅम्पस प्लेसमेंटआधी ग्रूमिंगचं सेशन झालं. बाहेरून एक मॅडम आल्या होत्या. मुलांना टाय कसा बांधायचा ते दहा मिनिटांत उरकलं. उरलेला दीड तास आम्ही मुली. कानात छोटा टॉप, तोही एकच. नाकात काही असेल तर काढता आलं तर बरं. बांगड्या नकोत, टेबलावर आवाज होतो, समोरच्याचं लक्ष विचलित होतं. मनगटावर फक्त घड्याळ, पट्टा पातळ. माझ्या हातात तेव्हा बाबांनी भरलेल्या सहा-सहा मरून बांगड्या होत्या. मॅडमनी मला पुढे बोलावलं, माझा हात वर्गासमोर धरला आणि म्हणाल्या, हे बघा, 'बॅलन्स' बिघडतो तो असा.

मी हॉस्टेलवर जाऊन बांगड्या काढल्या. साबण लावून, एकेक. एकही वाढवली नाही. (आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात.) नोकरी लागली. पहिल्या पगारात आईला काय घ्यावं याचा मला विचार करावा लागला नाही, पण तेवढ्या पगारात एकसुद्धा पाटली होत नव्हती.

त्या मॅडमचा मला आता राग येत नाही. त्या बाजारभाव सांगत होत्या. राग याचा येतो की त्यांनी त्याला सौंदर्य म्हटलं. त्या सरळ म्हणाल्या असत्या, की पोरींनो, समोर बसणाऱ्या माणसाला तुमच्या बांगड्यांच्या आवाजात खेडं ऐकू येतं आणि त्याला खेडं आवडत नाही, नोकरी हवी असेल तर काढा, तर मी त्याच संध्याकाळी बांगड्या काढल्या असत्या आणि माझ्या डोक्यात स्वच्छ राहिलं असतं, की दोष त्याच्या कानात आहे, माझ्या हातात नाही. त्याऐवजी मी पुढची चार-पाच वर्षं असं समजत राहिले की माझ्या आईला, माझ्या आजीला आणि तांड्यावरच्या सगळ्या बायांना दागिने कसे घालायचे ते कळत नाही.

पुण्यात ऑफिसला आल्यावर एक गंमत लक्षात आली. इथे सगळे 'मिनिमल' आहेत, आणि सगळ्यांच्या गळ्यात कंपनीच्या रंगाचा रुंद पट्टा आहे, त्याला पोटापर्यंत लोंबणारं आयकार्ड आहे. एका हातात स्मार्टवॉच, कानात पांढरे इअरबड्स, पाठीवर कंपनीचं नाव छापलेली सॅक, सॅकला किचेन, पाण्याची स्टीलची बाटली. मोजा. सहा वस्तू झाल्या, आणि त्यातल्या एकीलाही कोणी ॲक्सेसरी म्हणत नाही. जेवायच्या सुट्टीत चहाच्या टपरीवरही आयकार्ड गळ्यातच. मेडशीला सुट्टीवर येणारी पोरं एसटीतून उतरतानाही ते काढत नाहीत. लग्नाच्या बायोडेटातल्या फोटोत मी ते पाहिलेलं आहे. मी त्याला कंपनीचं मंगळसूत्र म्हणते. नोकरी सुटली की ज्या घाईने ते परत मागतात त्यावरून तर फारच. म्हणजे अंगावर किती आहे हा प्रश्न कधीच नव्हता. अंगावरच्या वस्तू कोणाच्या आहेत, हा होता.

मागच्या वर्षी 'एथनिक डे'ला मी ठरवून सगळं घातलं. इरकलची साडी, ठुशी, नथ, झुमके, दोन्ही हातांत डझन-डझन. एक सहकारी मैत्रीण, खरोखर चांगली मुलगी, हळूच म्हणाली, थोडं जास्त नाही झालं? तिच्या स्वतःच्या गळ्यात काळपट चांदीच्या रंगाची एक कडक गोल हासली होती. मॉलमधली. पावतीवर नाव 'ट्राइबल चोकर'. मी काही बोलले नाही. तो लेख आता लिहिते आहे.

इथवर वाचणाऱ्या कोणाच्या मनात एक आक्षेप नक्की आला असेल, आणि तो मोठा आहे. तो मला पहिल्यांदा सांगितला आमच्या शाळेतल्या एका बाईंनी. त्यांच्या अंगावर मी कधी दागिना पाहिला नाही. मनगटावर घड्याळ, खांद्याला पर्स, पर्सच्या कप्प्यात शाईचं पेन. मी दहावीत असताना भोचकपणे विचारलं, बाई, तुम्ही काहीच का घालत नाही? त्यांनी मला महाडची गोष्ट सांगितली. चवदार तळ्याची नाही, ती पुस्तकात होती. डिसेंबर १९२७ मधल्या दुसऱ्या परिषदेच्या वेळची. बाबासाहेबांनी तिथे जमलेल्या अस्पृश्य बायांना सांगितलं, की तुमची लुगडं नेसायची रीत, गळ्यात भाराभर गळसऱ्या, हातात कोपरापर्यंत चांदीचे नाहीतर कथलाचे गोठ-पाटल्या, या तुम्हाला लांबून ओळखायच्या खुणा आहेत. त्या टाकून द्या. घालायचंच असेल तर सोन्याचं घाला, नाहीतर घालू नका. आणि बायांनी तिथेच नेसायची रीत बदलली.

त्याआधी बारा वर्षं, १९१५ मध्ये, केरळात कोल्लमजवळ पेरिनाड इथे अय्यनकाळींच्या चळवळीत पुलया बायांनी गळ्यातल्या दगडी मण्यांच्या माळा काढून फेकल्या होत्या. त्या माळा त्यांनी निवडलेल्या नव्हत्या. खालच्या जातीच्या बाईने धातूचा दागिना घालायचा नाही, दगडाचेच मणी घालायचे, असा तिथला दंडक होता.

तर मग हेही 'काढून ठेवा'च झालं ना? ग्रूमिंगवाल्या मॅडमनी जे सांगितलं आणि महाडला जे सांगितलं गेलं, त्यात फरक काय? दोघांचंही म्हणणं एकच, की या दागिन्यांवरून तुम्ही ओळखू येता. हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता, आणि अजूनही तो पूर्ण सुटला आहे असं मी म्हणणार नाही. बंजारा आजीच्या चुडोकडे मी कौतुकाने बघते, ते माझ्या गळ्यात कोणी कधी दगडाची माळ सक्तीने घातली नाही म्हणून, हेही मला मान्य आहे. कासाराच्या मुलीला दागिन्यांवर प्रेम करणं सोपं आहे.

पण फरक आहे. महाडला कोणी असं म्हणालं नाही, की कमी दागिने दिसायला चांगले. तिथे बोलणाऱ्याने सगळं उघड केलं होतं: हे कोणी लादलं, कोण बघतं, बघून काय ठरवतं, आणि म्हणून काय करायचं. ऐकणाऱ्या बायांच्या हातात कारण दिलं, आणि सोनं घालायची वाटही मोकळी ठेवली. तिथे भांडण बघणाऱ्याशी होतं. मॅडमच्या सेशनमध्ये बघणारा अदृश्य होता. तो कोण, हे विचारायची सोय नव्हती. त्याच्या आवडीला 'बॅलन्स' असं नाव दिलं होतं, आणि बॅलन्सशी कोण भांडणार? तो गुरुत्वाकर्षणासारखा वाटतो. आमच्या शाळेतल्या बाईंचं रिकामं मनगट आणि माझं प्लेसमेंटच्या दिवशीचं रिकामं मनगट फोटोत सारखंच दिसेल. त्यांनी स्वतःचं रिकामं केलं होतं. माझं रिकामं करून घेतलं होतं.

एक शेवटची गोष्ट पैशाची, कारण ती सोडून दागिन्यांवर बोलणं म्हणजे थाप मारणं. एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोनं एक लाखावर गेलं. आता ज्या गळ्यात केसाएवढी बारीक साखळी दिसते आणि आपण तिला 'एलिगंट' म्हणतो, तो गळा बहुतेक वेळा अशा घरातला असतो जिथे बाकीचं लॉकरमध्ये आहे. ज्याचं लॉकरमध्ये आहे त्याला अंगावर दाखवायची गरज नसते. हासली आणि चांदीचे वाळे घालणाऱ्या बाईची बँक तिच्या अंगावर होती. दुष्काळात, आजारपणात, पोरीच्या फीसाठी ती एकेक तुकड्याने मोडता यायची. तिला 'एक काढून ठेवा' हे कोणी शिकवायला नको. तिने कितीतरी काढून ठेवले, सावकाराकडे. अशा बाईला पुन्हा वर सांगायचं की कमी घालण्यात जास्त सौंदर्य आहे, याला माझ्याकडे छापण्याजोगा शब्द नाही.

तुम्हाला बारीक साखळी आवडत असेल तर जरूर घाला. मलाही सोमवार ते गुरुवार आवडते. काही घालू नये असं वाटत असेल तर नका घालू. मी ज्याच्या विरुद्ध लिहिते आहे ते म्हणजे आवडीला शास्त्राचा कोट घालणं. यापुढे कोणी तुम्हाला 'जास्त झालं' म्हटलं तर मी करते तसं करून बघा: कोणाला, एवढंच विचारा. उत्तर क्वचितच येतं, पण समोरचा माणूस विचारात पडतो.

या दिवाळीला गावी गेले होते. दुकानात गर्दी होती, नर्सिंगला असलेल्या तांड्यावरच्या दोघी जणी प्लास्टिकचे पांढरे चुडो मागत होत्या, लग्नात नाचायला, आणि बाबांकडे ते नव्हते. वाशिमहून मागवतो म्हणाले. गर्दी ओसरल्यावर मी हात पुढे केला. बाबांनी अंगठ्याखाली दाबून बघितलं. "दोन-सहा झाला तुहा हात. बसून बसून." मग डबे काढले. उजव्या हातात डझनभर हिरव्या भरल्या, दोन्ही बाजूंना खऱ्या वजनाची पितळी कडी, आईच्या तक्रारीनंतर ते तशीच ठेवतात. डाव्या हातात माझं स्मार्टवॉच होतं. त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिले आणि मग त्या हातात फक्त एक पातळ कडं चढवलं.

"इकडं काहून एकच?" मी विचारलं.

"घड्याळाची बी काच, बांगडीची बी काच. एका हातात दोन काचा कशा ठेवतं? एक तं वाढंलच."

"घड्याळ वाढवत नाहीत, बाबा."

"चाळीस हजाराचं हाय म्हणतं ना तू? मंग त्याले फुटलं कसं म्हणू?"